घडीचा चाकू घेताना

ऑनलाइन दुकानात घडीचे चाकू पाहायला गेलं की 'टॅक्टिकल', 'सर्व्हायव्हल', 'सेल्फ डिफेन्स' हे शब्द पात्यापेक्षा जास्त चमकतात. घेणारा मात्र बहुधा राजगडावर काकडी-कांदा चिरणारा ट्रेकर असतो, नाहीतर रात्रपाळी संपवून एकटी घरी येणारी मुलगी. ट्रेकरला चाकू हवाच. मुलीला तो कितपत उपयोगी पडेल, हे ठरवायचं तर ही वस्तू चालते कशी ते आधी पाहायला हवं.

घडीच्या चाकूची सगळी मदार सांध्यावर असते. पातं मुठीतल्या एका खिळीभोवती फिरतं. उघडल्यावर ते जागेवर कशामुळे टिकतं, यावर चाकूचा प्रकार ठरतो. लाल मुठीचा, ९१ मिलिमीटरचा व्हिक्टोरिनॉक्स हा सर्वांत साधा नमुना. त्याच्या मुठीच्या पाठीला असलेली पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून बसते, एवढंच. त्याला लॉक नाही. खाचेत नख घालून उघडायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे लागतात. पात्याच्या पाठीवर जोर आला की ते सरळ बोटांवर मिटतं. फळ कापताना तसा जोर येत नाही. टोक कशात घुसवायला गेलात तर येऊ शकतो.

फ्रान्सच्या ओपिनेलनं १९५५ मध्ये यावर सोपा उपाय काढला. मुठीच्या तोंडाशी फिरती कडी बसवली. ती फिरवली की पातं मिटण्याची फट बंद होते. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं, वजन नगण्य, धार सुरेख. पण मूठ लाकडी. कोकणच्या पावसात ती फुगते आणि पातं आतच घट्ट बसतं.

आता बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो लाइनर लॉक. १९८० च्या दशकात अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी त्याला आजचं रूप दिलं. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती आडवी सरकून पात्याच्या बुडाखाली टेकते. मिटवताना ती अंगठ्यानं बाजूला दाबावी लागते आणि त्या वेळी अंगठा पात्याच्या वाटेत असतो. नवख्यांची बोटं कापतात ती इथे. खिशातला कचरा किंवा वाळू पट्टीखाली साचली तर ती अर्धवट टेकते, आणि लॉक लागल्याचा नुसता भास होतो. बॅकलॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची तरफ पात्याच्या खाचेत बसते. तो सोडवायला जोर लागतो, पण बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. पहिलाच चाकू घेणाऱ्याला मी बॅकलॉक सुचवेन.

दुकानात चाकू उघडून पातं डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहा. खुळखुळला तर परत ठेवा. मिटवल्यावर टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. मूठ ओल्या हातानं धरून पाहा. पोलादाच्या नावांत फार अडकू नका. रोजच्या कामाला रॉकवेल मापावर ५६ ते ६० कठीणपणा पुरेसा आहे, आणि समुद्राकाठी राहत असाल तर स्टेनलेसच घ्या. सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं.

लांबीचा प्रश्न कायद्याशी जोडलेला आहे. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती वा शेतीकामाची नसलेली हत्यारं शस्त्रांत मोडतात. पण म्हणून त्याखालचं सगळं माफ, असं नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं बटणाचे, गरारीचे, स्प्रिंगनं उघडणारे चाकू ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीपासूनच कायद्याच्या कक्षेत आणले. हिंदी सिनेमानं गाजवलेला रामपुरी त्याच जातीचा. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात. मोठ्या शहरांत ते वारंवार लागू असतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकूच काय, काठी बाळगायलाही बंदी येऊ शकते. सॅकमध्ये डब्याशेजारी असलेला चाकू अवजार ठरतो. तोच रात्री कंबरेला सापडला आणि पोलिसांनी विचारल्यावर तुम्ही 'स्वसंरक्षणासाठी' म्हणालात, तर ते शस्त्र असल्याचं तुम्हीच सांगून मोकळे होता.

आणि प्रसंग खरंच आला तर? अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक हिशेब मांडला. चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, दीड सेकंदात कापतो. सरावलेल्या पोलिसाला कंबरेचं पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आता आपला घडीचा चाकू पाहा. खिशापर्यंत हात न्यायचा, मूठ नीट पकडायची, बाहेर काढायचा, अंगठ्यानं पातं उघडायचं, ते पक्कं बसल्याची खात्री करायची. घाबरल्यावर बोटांची बारीक कामं सर्वांत आधी बिघडतात. शिवाय रस्त्यावरचा हल्लेखोर बहुधा हाताच्या अंतरावर असतो, त्यानं तुमचा एक हात धरलेलाही असतो. त्यातून चाकू निघाला आणि लागलाच, तर आडकाठी नसलेल्या मुठीवरून हात पुढे घसरतो आणि स्वतःचीच बोटं कापतात. आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते: चाकूच्या वारानं माणूस लगेच थांबेलच असं नाही. जखमी माणूसही पुढचा बराच वेळ झगडू शकतो.

त्यानंतर प्रश्न न्यायालयाचा. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. पण कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: बचावाला आवश्यक त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. समोरचा पळू लागल्यावर मारलेला वार बचावात बसवणं फार अवघड आहे.

म्हणून पैसे आणि संध्याकाळी आधी शिकण्यावर घालवाव्यात. फिलिपिन्समध्ये २००९ पासून राष्ट्रीय खेळ असलेल्या आर्निसचे वर्ग आपल्याकडेही कुठे कुठे चालतात. त्यात वेताच्या काठीवर वारांच्या दिशा ओळखायला शिकवतात आणि काठीवरचीच हालचाल पुढे चाकूला लागू होते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतलं पायकाम, नजर आणि दम मला फार आवडतो, पण ठरलेल्या वारांच्या प्रात्यक्षिकावरून रस्त्यावरच्या झटापटीचा अंदाज बांधू नये.

वर्ग निवडताना एक गोष्ट जरूर पाहा. हल्ला करणारा जोडीदार एक वार करून हात हवेत धरून उभा राहतो का? तसं असेल तर निघून या. खरा हल्लेखोर हात मागे घेतो आणि पुन्हा पुन्हा मारतो. चांगला शिक्षक रबरी चाकूला लिपस्टिक किंवा खडू लावतो, दोघांना पांढरे टी-शर्ट घालायला लावतो आणि अर्ध्या मिनिटानंतर डाग दाखवतो. कसलेल्या विद्यार्थ्यांच्याही हातावर आणि पोटावर रेघा असतात. हे पाहिल्यावर चाकू हिसकावून घेण्याच्या फिल्मी युक्त्यांवरचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा. मग शिकवण्यासारखं जे उरतं ते असं: अंतर लवकर ओळखणं, मोठ्यानं ओरडणं, मध्ये गाडी, खुर्ची, बॅग काहीही आणणं, पकड सोडवणं, पळणं. त्याच वर्गात वाहती जखम घट्ट दाबून धरायलाही शिकवत असतील तर तो वर्ग सोडू नका.

रात्रपाळीच्या मुलीला माझा सल्ला असा, की चाकू घेऊ नकोस. हातात मोबाइल असू दे, त्यात ११२ लगेच लावता येईल अशी सोय कर, आणि आठवड्यातून दोन दिवस वर्गाला जा. ट्रेकरनं खुशाल बॅकलॉक घ्यावा, तो सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवावा आणि विमानाचा प्रवास असेल तेव्हा केबिन बॅगेतून आठवणीनं काढावा.