रक्तातील शत्रू आणि औषधाची मात्रा

पावसाळा सरत आला की पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांभोवती घोडमाश्या घोंघावू लागतात. त्यानंतर काही दिवसांनी एखादे धडधाकट जनावर तापाने फणफणते. ताप उतरतो व पुन्हा चढतो. चारा खात असूनही जनावर वाळत जाते, हिरड्या फिक्या पडतात, पाय व पोटाचा खालचा भाग सुजतो. उपचार न झाल्यास घोडा बहुधा दगावतो. उंट मात्र वर्षानुवर्षे खंगत राहतो. म्हणूनच भारतातील उंटपाळ या रोगास ‘तिबरसा’ म्हणजे तीन वर्षांचा रोग असे म्हणतात. पशुवैद्यकात तो ‘सर्रा’ या नावाने ओळखला जातो.

इ. स. १८८० मध्ये, आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माइलखान येथे ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी घोड्यांचे व उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तांबड्या पेशींच्या गर्दीत त्यांना वळवळणारे चपळ जीव दिसले. हेच रोगाचे कारण होय, हे त्यांचे मत तत्कालीन तज्ज्ञांनी लगेच मान्य केले नाही. परंतु पुढे तेच खरे ठरले. या एकपेशीय जीवास ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ हे नाव त्यांच्यावरूनच देण्यात आले. एका जनावराचे रक्त पिता पिता हुसकलेली घोडमाशी दुसऱ्यावर बसली, म्हणजे तिच्या सोंडेस लागलेल्या रक्ताबरोबर हे जीव नव्या शरीरात शिरतात.

शरीर त्यांचा प्रतिकार करतेच. परंतु हा शत्रू आपले बाह्य आवरण वारंवार बदलतो. जुने आवरण ओळखून शरीराने केलेली तयारी त्यामुळे व्यर्थ जाते आणि तापाची नवी लाट येते. याच कारणाने या रोगावर अद्याप लस तयार होऊ शकलेली नाही. उपचाराचा सारा भार औषधांवर आहे, आणि अशी औषधे मोजकीच आहेत.

त्यांपैकी एक म्हणजे डायमिनाझीन ॲसिट्युरेट. १९५५ साली जर्मनीतील हेक्स्ट या कंपनीने ते ‘बेरेनिल’ या नावाने प्रचारात आणले. ही पिवळी पूड पाण्यात विरघळवून स्नायूत खोलवर टोचली जाते. गोचिडांमुळे पसरणाऱ्या बॅबेसिया या दुसऱ्या रक्तपरोपजीव्यावरही ते गुणकारी आहे. बॅबेसिया तांबड्या पेशींच्या आत वाढून त्या फोडतो. त्यामुळे गुरांची लघवी तांबडी होते.

ट्रिपॅनोसोमावर हे औषध कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. डीएनए घडविण्यास लागणारी प्युरीन नावाची द्रव्ये या जीवास स्वतः बनविता येत नाहीत. ती त्यास आश्रयदात्याच्या रक्तातून घ्यावी लागतात. त्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर जणू दारे असतात. डायमिनाझीनचा रेणू यांपैकीच एका दारातून आत शिरतो, डीएनएला घट्ट चिकटतो आणि त्याची नवी प्रत तयार होऊ देत नाही. पुढील पिढी थांबते व रक्त स्वच्छ होते. मात्र औषध मेंदूत फारसे पोहोचत नाही. तेथे दडलेले परोपजीवी वाचल्यास रोग पुन्हा उलटतो.

येथेच मात्रेचे महत्त्व ध्यानी येते. गुरांमधील बॅबेसियासाठी दर किलोग्रॅम वजनास ३.५ मिलिग्रॅम, तर सर्रा रोगासाठी साधारणतः त्याच्या दुप्पट औषध लागते. ४०० किलोग्रॅम वजनाच्या म्हशीस ७ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २,८०० मिलिग्रॅम औषध हवे. नुसत्या नजरेने तिचे वजन ३०० धरले, तर २,१०० मिलिग्रॅमच दिले जाईल. म्हैस तात्पुरती सुधारेल, ताप उतरेल, मालकास समाधान वाटेल. पण ज्या थोड्या ट्रिपॅनोसोमांचे ते दार बिघडलेले असते, त्यांच्यात औषध मुळातच कमी शिरते. अपुऱ्या मात्रेत तेच तगतात व त्यांचीच प्रजा वाढते. पुढच्या खेपेस माशी हाच वंश शेजारच्या गोठ्यात नेते, आणि मग पुरी मात्राही निष्फळ ठरू शकते.

म्हणून वाढवून द्यावे, असेही नाही. उंटास जादा मात्रा सोसत नाही. घोडा गुरांपेक्षा नाजूक ठरतो. कुत्र्यात तर अतिमात्रेने मेंदूस इजा होते. भारतात घोडे व उंट यांच्या सर्रा रोगावर क्विनापिरामाइन हे दुसरे औषध प्रामुख्याने वापरले जाते. शिवाय औषध टोचल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत जनावराचे दूध व मांस वापरावयाचे नसते.

तात्पर्य, औषधाची कुपी हे उपचाराचे अर्धेच साधन होय. रक्ताचा थेंब तपासून शत्रू ओळखणे, छातीचा घेर व शरीराची लांबी मोजून वजन काढणे आणि पशुवैद्याने ठरविलेली मात्रा पूर्णपणे देणे, हे उरलेले अर्धे. गोठ्यात वापरली जाणारी साधी मोजपट्टी ही त्या दृष्टीने सुईइतकीच मोलाची आहे. कारण तिच्यावर एका म्हशीचा जीवच नव्हे, तर या औषधाचे उद्याचे सामर्थ्यही अवलंबून असते.