कपाशींत परका गुण कसा येतो

बी. टी. कपाशीचें बियाणें आपणांपैकीं बहुतेकांनीं पेरलें आहे. परंतु त्यांत नवें काय, असें विचारलें असतां "सरकीस औषध लावलेलें असतें" असें उत्तर पुष्कळदां मिळतें. तें बरोबर नाहीं. वरून चोळलेलें औषध कांहीं आठवड्यांत संपतें. हा गुण झाडाच्या अंगांतच असतो.

जमिनींत एक सूक्ष्म जंतु आहे. १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांस तो रोगट रेशीमकिड्यांत आढळला. पुढें जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून त्यास नांव पडलें, आणि त्या शास्त्रीय नांवाचीं आद्याक्षरें तींच 'बी. टी.' होत. हा जंतु एक प्रथिन तयार करतो. तें अळीच्या पोटांतील क्षारयुक्त रसांत विरघळून आंतड्यास छिद्रें पाडतें. माणसाच्या व गुरांच्या आंतड्यांत त्यास चिकटण्यास जागा नाहीं, म्हणून तें त्यांस बाधत नाहीं.

असें प्रथिन कसें करावें ही आज्ञा पेशींतील एका लांब धाग्याच्या लहानशा तुकड्यावर असते. तो तुकडा म्हणजे जनुक. जवळजवळ सर्व सजीवांत या आज्ञेची लिपि एकच, म्हणूनच जंतूची आज्ञा कपाशीस वाचतां येते. धागा नेमक्या जागीं तोडणारे व सांधणारे पदार्थ जंतूंतच सांपडले. १९७३ सालीं अमेरिकेंत कोहेन व बॉयर यांनीं परका तुकडा वर्तुळाकार धाग्यांत सांधून तें वर्तुळ एका जंतूंत वाढवून दाखविलें. जंतु वाढेल तसतशा तुकड्याच्या नकला होत जातात. हेंच जनुकाचें क्लोनिंग. एका हापूसच्या झाडापासून शेंकडों कलमें करावीं व प्रत्येकाचें फळ मूळ झाडासारखेंच यावें, तसा हा प्रकार. बी. टी. चें जनुक याच रीतीनें १९८१ सालीं श्नेप्फ व व्हाइटली यांनीं वेगळें केलें.

तें कपाशींत नेण्याचें काम झाडाच्या बुंध्याशीं गांठ आणणारा दुसरा एक जंतु करतो. आपलीं जनुकें झाडांत घुसविणें हा त्याचा धर्मच; गांठीच्या आज्ञा काढून त्या जागीं आपणांस हवें तें जनुक ठेवलें कीं तो आपला हमाल बनतो.

आपल्या देशांत अशा कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली. २००६ मध्यें दोन जनुकांचें बियाणें आलें. हा गुण बोंडअळीपुरता आहे. मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांवर तो चालत नाहीं. शिवाय आपलें बियाणें संकरित असून जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलें असतें. त्यामुळें घरची सरकी राखली तर प्रत्येक जनुक सुमारें चारांपैकीं एका सरकींत नसतेंच.

असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच हें विष पचविणारी निघते. शेजारीं साधी कपाशी असेल तर तिचा पतंग साध्या पतंगाशीं जुगतो व त्यांची संतति बहुधा बी. टी. झाडावर मरते. म्हणूनच कडेनें पांच ओळी किंवा क्षेत्राचा पांचवा हिस्सा, जें अधिक असेल तितकी साधी कपाशी लावण्याची अट परवानगींत होती. तेवढ्यासाठीं मिळणारी साध्या सरकीची पुडी प्रस्तुत लेखकानेंहि एके सालीं कोठारांत तशीच ठेवली होती, हें कबूल केलें पाहिजे. २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांत गुलाबी बोंडअळीनें दोन जनुकांची कपाशीहि पोखरली. आतां फरदड न ठेवतां डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटाव्या, आणि पुढील हंगामीं पात्या धरतांच कामगंध सापळे लावून पतंग मोजावे.