गादी भाच्याची, गोष्ट कोणाची?

गैरसमज: 'आलम आरा' हा बोलपट आला आणि मूकपट संपला.

14 मार्च 1931 ला 'आलम आरा' बोलला खरा, पण त्रावणकोरात 1933 मध्येही 'मार्तंड वर्मा' हा मूकपटच निघाला. निर्माते आर. सुंदरराज, दिग्दर्शक पी. व्ही. राव. मल्याळम बोलपट यायला 1938 साल उजाडले.

गैरसमज: गादी राजाच्या मुलांची होती, भाच्याने ती बळकावली.

मराठी माणूस 'मार्तंड वर्मा'ची गोष्ट ऐकताना नेमका इथे अडखळतो. बापामागून मुलगा, हे आपल्या अंगवळणी पडलेले. त्रावणकोरच्या राजघराण्यात मात्र मरुमक्कत्तायम चाले: वारसा आईकडून, राजामागून त्याच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे 1729 मध्ये गादीवर बसलेला मार्तंड वर्मा हाच रीतसर वारस. आडवे आले ते आधीच्या राजाचे मुलगे, ज्यांना तंपी म्हणत. त्यांच्या पाठीशी एट्टुवीट्टिल पिळ्ळमार, म्हणजे आठ घराण्यांचे बडे सरदार. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांनी 1891 च्या कादंबरीत हाच तंटा रंगवला आणि चित्रपटाने तो तिथूनच उचलला. ही रीत ठाऊक नसेल, तर नायकच लुबाडणारा वाटेल.

गैरसमज: प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून चित्रपट बुडाला.

प्रेक्षकांना तो धड पाहायलाच मिळाला नाही. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात चित्रपट लागला आणि कादंबरीचे हक्क असलेल्या कमलालय बुक डेपोने दावा ठोकला. परवानगी घेतलेली नव्हती. प्रिंट जप्त झाली, निर्मात्याचा पैसा बुडाला. मला त्यांच्यासाठी हळहळ वाटते. पण हक्क प्रकाशकाचा होता, हेही खरे.

गैरसमज: जप्तीने चित्रपटाचा घात केला.

धंद्याचा केला, चित्रपटाचा नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेटणारी, दमट हवेत सडणारी. गावोगाव फिरून ती झिजे, आणि कित्येकदा आतल्या चांदीसाठी वितळवली जाई. केरळचा पहिला मूकपट, जे. सी. डॅनियल यांचा 'विगतकुमारन', आज कुठेही उरलेला नाही. 'मार्तंड वर्मा' मात्र चार दशके पुस्तकवाल्यांकडे राहिला आणि 1974 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो मिळवला. त्यातल्या मल्याळम पाट्यांपैकी काहींवर कादंबरीतलीच वाक्ये आहेत, ज्या कादंबरीसाठी दावा लागला तिचीच, आणि ती अजून वाचता येतात.