ब्लूज वाजविणारे हात

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत, कापसाच्या शेतांवर मजुरीने वा खंडाने राबणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये जे गिटारवादन विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले आणि पुढे ‘कंट्री ब्लूज’ या नावाने जगभर पोहोचले, त्याचे आद्य वादक आपल्याला बहुधा जुन्या तबकड्यांतूनच भेटतात. ब्लाइंड लेमन जेफरसन १९२९ साली, चार्ली पॅटन १९३४ साली आणि रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली कालवश झाला. यांपैकी एकाचेही चलच्चित्र आजवर हाती आलेले नाही. जॉन्सनचे म्हणून एक मूक चित्रण मध्यंतरी पुढे आले खरे, परंतु त्यात वादकाच्या पाठीमागे दिसणारी जाहिरात १९४१ सालच्या बोलपटाची निघाली आणि तो दावा खारीज झाला.

जे थोडे जुने चित्रण उपलब्ध आहे, तेही निर्मळ नाही. बारा तारांची गिटार वाजविणारा लेडबेली १९३५ सालच्या ‘मार्च ऑफ टाइम’ या वृत्तपटात दिसतो; पण तुरुंगातून सुटलेल्या या वादकाला तेथे पुन्हा कैद्याचा वेष चढवून, लोकगीतांच्या गोऱ्या संग्राहकापुढे आर्जवे करावयास लावले आहे. त्या काळचा समाज या कलावंताकडे कोणत्या नजरेने पाहत होता, याचा तो दस्तऐवज म्हणावा लागेल. त्याच्या कलेचा नव्हे.

कलेचा खरा पुरावा मिळाला तो तीस-पस्तीस वर्षांनी. १९२८ साली ध्वनिमुद्रण करून विस्मृतीत गेलेला मिसिसिपी जॉन हर्ट, त्याच्याच एका गीतात आलेल्या अ‍ॅव्हलॉन या गावाच्या नावावरून माग काढीत १९६३ साली सापडला. पुढल्याच वर्षी स्किप जेम्स ट्युनिका येथील इस्पितळात आणि सन हाउस न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर शहरी आढळला. त्यानंतरच या वृद्धांसमोर कॅमेरे उभे राहिले. १९६६ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवप्रसंगी लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याने खेड्यातील गुत्त्यासारखी एक खोली सजवून तेथे जेम्स, हाउस आणि बुका व्हाइट यांचे वादन चित्रित केले.

सन हाउस हा एके काळी धर्मोपदेशक होता, हे त्याचे वादन पाहताना वारंवार जाणवते. पत्र्याच्या गिटारीवर डाव्या हाताच्या बोटात घातलेली धातूची नळी तो घासत नेतो, आणि विचित्र वीणेवर बट्टा फिरावा तशी मींड तारेतून उमटते. उजवा हात तारा छेडीत नाही, त्या जणू झोडपून काढतो. मान मागे जाते, डोळे मिटतात, आणि कधी गिटार बाजूला ठेवून केवळ टाळ्यांच्या ठेक्यावर तो गातो. हा आवेश अनावर भासला, तरी नळी नेमक्या स्वरावरच थांबते. या संगीताला अशिक्षितांचा सहजोद्गार मानून त्याची बोळवण करणाऱ्यांनी एवढे चित्रण पाहिले, तरी त्यांना आपले मत बदलावे लागेल, अशी माझी खात्री आहे.

जॉन हर्टची गोष्ट अगदी निराळी. लोकगायक पीट सीगरच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो डोक्यावर हॅट घालून, मंद स्मित करीत बसलेला दिसतो; अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने, क्षणभरही न चुकता पडत असतो आणि शेजारची बोटे वरच्या तारांवर धून विणीत असतात. तबकडीवर हे ऐकणाऱ्या कित्येकांना दोन वादक असावेत असा भ्रम होई. त्याच कार्यक्रमात अंध रेव्हरंड गॅरी डेव्हिसही आला होता. ज्या गुंतागुंतीच्या रचनांसाठी इतरांना तीन-चार बोटे लागावीत, त्या तो उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढ्यांवरच वाजवितो, आणि डाव्या हाताचा अंगठा गिटारीच्या मानेवरून वळवून खर्जाची तार दाबतो. प्रथमच पाहणाऱ्याने त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढून काही वेळ या दोन अंगठ्यांवरच ठेवावी.