व्हँडरबिल्टने अलाबामाला पाणी पाजलं, त्यामागचं गणित

५ ऑक्टोबर २०२४. आदल्या मोसमात १२ पैकी १० सामने हरलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाने अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं! चाहत्या पोरांनी गोलपोस्ट उपटून थेट कंबरलँड नदीत टाकला. (अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वेड हे असं.)

हिरो होता क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) डिएगो पाविया, त्याच वर्षी न्यू मेक्सिको स्टेटहून आलेला. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा वर्षभर बाकावर बसावं लागायचं. २०२१ मध्ये ही अट सैल झाली आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. अलाबामासारख्या संघांत तिसऱ्या-चौथ्या नंबरवर कुजणारा गुणी पोरगा आता दुसरीकडे खेळण्याची संधीही मिळवतो आणि पैसेही.

मग श्रीमंतांची सद्दी संपली? छे! २०२४ च्या मोसमाचं विजेतेपद ओहायो स्टेटनेच नेलं, सुमारे २ कोटी डॉलरचा संघ उभा करून. जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून साधारण २.०५ कोटी डॉलर, पण बाहेरच्या जाहिराती त्यात धरत नाहीत. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.