मोजक्या काडतुसांचा सराव
टंचाईवर उतारा साठ्यात नाही, सरावाच्या रचनेत आहे

एनसीसीच्या शिबिरात फायरिंगचा दिवस आला की कॅडेटच्या हातात ‘पॉइंट टू-टू’च्या मोजक्या गोळ्या येतात, बहुतेक वेळा पाच. पालथे झोपायचे, रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट बसवायचा, समोरच्या कागदावर नेम धरायचा आणि पाच वेळा चाप ओढून उठायचे. मग रिकाम्या केसेस वेचून, मोजून परत करायच्या. एक जरी कमी भरली तरी शोधाशोध सुरू होते. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींची नेमबाजीशी पहिली ओळख होते ती अशी, पाच गोळ्यांपुरती. ज्या मुलीची पाचही भोके एका नाण्याखाली झाकली जातात, तिला सहावी गोळी हवी असते. ती कुठून आणायची, या प्रश्नापाशी आपल्याकडची बहुतेक हौस थांबते. हौशी नेमबाजाची तक्रारही हीच असते: काडतुसे मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, मग सराव कशाने करायचा? तक्रार खरी आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे. जितक्या गोळ्या उडाल्या तितका सराव झाला, असे आपण धरून चालतो. हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

आधी टंचाईची कारणे पाहू, कारण ती एका दुकानदाराच्या किंवा एका कार्यालयाच्या आडमुठेपणात नाहीत. सामन्याच्या दर्जाचे पॉइंट टू-टू काडतूस जगात मोजक्याच कंपन्या बनवतात: इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस. वरच्या पातळीवर खेळणारा आपला नेमबाज याच काडतुसांवर विसंबून असतो, म्हणजे आयात, परवानग्या, जहाज आणि जकात ही साखळी आलीच. त्यावर १९५९च्या शस्त्र कायद्याची चौकट आहे: वर्षाला किती काडतुसे घेता येतील आणि एका वेळी किती बाळगता येतील, याला मर्यादा असते. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंसाठी ही मर्यादा बरीच वाढवली, पण कागदावरची मर्यादा वाढली म्हणून दुकानातला माल वाढत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि बिनधुराच्या दारूचा मुख्य घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजची मागणी एकदम चढली. हे नायट्रोसेल्युलोज बनते कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेपासून. सावनेर-काटोलच्या शेतकऱ्याला सरकी काही नवी नाही. पण तिच्यावरची ती लव जगाच्या दारूगोळ्याच्या बाजारात इतकी मोलाची असते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. सैन्यांची मागणी आणि खेळाची मागणी अशी एकाच कच्च्या मालावर येऊन ठेपते तेव्हा खेळ मागे पडणार, हे उघड आहे. ही टंचाई येत-जात राहणार. ती संपेल तेव्हा सराव सुरू करू, असे म्हणणारा नेमबाज वाटच पाहत बसेल.

आता साधा हिशोब मांडू. सामना ६० गोळ्यांचा असतो. आठवड्यातून चार दिवस एकेक सामन्याइतका सराव करायचा म्हटले तर आठवड्याला २४० आणि पन्नास आठवड्यांच्या वर्षाला १२,००० काडतुसे लागतील. तालुक्याच्या गावातल्या नेमबाजाला ही संख्या भरल्या बाजारातही आवाक्यातली नाही. तेच चार दिवस कायम ठेवले, पण त्यातला एकच दिवस जिवंत काडतुसांचा आणि उरलेले तीन कोऱ्या सरावाचे, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याचे, किंवा एअर रायफलचे ठेवले, तर वर्षाची गरज ३,००० वर येते. सरावाचा एक तासही कमी झाला नाही, गोळ्या मात्र चौथाईवर आल्या. प्रश्न एवढाच उरतो, की त्या तीन दिवसांत खरोखर काही शिकता येते का.

याचे उत्तर भारताच्या पदकांच्या यादीत आहे. ऑलिंपिकमध्ये २०२४ अखेर भारताने नेमबाजीत सात पदके मिळवली. त्यांतली चार १० मीटर एअर प्रकारातली आहेत: २००८ मध्ये अभिनव बिंद्राचे सुवर्ण, २०१२ मध्ये गगन नारंगचे कांस्य, आणि २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरचे एक व मनू-सरबज्योत सिंग जोडीचे एक कांस्य. या चार पदकांसाठी दारूचा कणही जळला नाही. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आणि दाबलेली हवा, एवढ्यावर ती आली. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीचे टोक हलकेच टेकवल्यावर उमटावा तेवढा. दहा मीटरवरून तो सलग साठ वेळा गाठायचा, तर त्याला लागणारी स्थिरता, श्वासाची लय आणि चापावरचे बोट ही सगळी शिदोरी पन्नास मीटरच्या रायफललाही तशीच कामी येते. शिवाय खेळाची हलकी एअर रायफल परवान्याविना घेता येते आणि सामन्याच्या छर्ऱ्यांचा पाचशेचा डबा काडतुसांच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो.

दुसरा मार्ग कोऱ्या सरावाचा, ज्याला रेंजवर सगळे ‘ड्राय’ म्हणतात. पवित्रा घ्यायचा, नेम धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचा, चाप ओढायचा आणि ‘टक्’ झाल्यावरही दोन सेकंद नजर साइटवरून हलवायची नाही. नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवून चाप ओढून पाहावा. नाणे पडले तर बोटाने रायफल हलवली हे लगेच कळते. खऱ्या गोळीत हीच चूक आवाजात आणि धक्क्यात लपून जाते, आणि नेमबाज दोष काडतुसाला देतो. स्पर्धेच्या नियमांतही सामन्याआधीच्या तयारीच्या वेळात कोरा चाप ओढण्याची मुभा आहे. २०२० च्या टाळेबंदीत रेंजना कुलपे लागली तेव्हा देशातल्या उत्तम नेमबाजांनी घरातल्या भिंतीसमोर हेच केले. मात्र शिस्त कडक हवी: चेंबर दोनदा तपासायचे, त्या खोलीत एकही जिवंत काडतूस ठेवायचे नाही, आणि नळीचे तोंड नेहमी भक्कम भिंतीकडे. पॉइंट टू-टूचा कोरा चाप ओढताना फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळू शकते, म्हणून नकली काडतूस किंवा त्यासाठीची खास सोय वापरावी.

यावर पहिला आक्षेप अनुभवी नेमबाजांचाच असतो: कोऱ्या सरावात धक्का नाही, वारा नाही, गोळी कुठे लागली ते दिसत नाही. आक्षेप निम्मा खरा आहे. पन्नास मीटरवर वाऱ्याचा अंदाज घेणे जिवंत गोळीशिवाय येत नाही, आणि प्रत्येक रायफलला काडतुसांचा कोणता लॉट मानवतो हेही झाडूनच पाहावे लागते. म्हणूनच आठवड्याचा एक दिवस राखायचा. त्या दिवशी प्रत्येक गोळी काही तपासण्यासाठी उडायला हवी, आणि प्रत्येकीची वहीत नोंद हवी: चाप सुटला तेव्हा साइट कुठे होती, वारा कुठून होता, गोळी कुठे लागली. चाप सुटताना ‘नऊ, उजवीकडे’ असे स्वतःशी म्हटले आणि कागदावरही तेच निघाले, तर ती गोळी वाया गेली नाही, मग गुण कितीही असोत. नोंद न करता उडवलेल्या शंभर गोळ्यांपेक्षा नोंदवलेल्या वीस गोळ्या जास्त शिकवतात.

दुसरा आक्षेप साठ्याचा: मिळतील तेव्हा भरून ठेवण्यात काय चूक? स्पर्धेसाठी एकाच लॉटची काडतुसे राखणे रास्त आहे, आणि मर्यादेत राहून ती राखावीत. पण प्रत्येक जण भीतीपोटी भरू लागला की टंचाई आणखी वाढते. अमेरिकेत २०१३ मध्ये पॉइंट टू-टू काडतुसे दुकानांतून अशीच गायब झाली होती. कारखाने चालू होते, तरी गिऱ्हाइकांच्या घबराटीला माल पुरला नाही. त्यापेक्षा क्लबच्या किंवा जिल्हा संघटनेच्या पातळीवर वर्षाची मागणी एकत्र नोंदवणे शहाणपणाचे. आणि विदर्भाचा मे महिना ध्यानात घ्यावा: पत्र्याच्या कपाटात किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या काडतुसांवर सामन्यात भरवसा ठेवता येत नाही. रिकाम्या केसेस घरी पुन्हा भरण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. पॉइंट टू-टूची ठिणगीची रसायने केसच्या कडेतच भरलेली असतात, ती एकदा फुटली की केस संपली. आणि परवान्याविना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसे उसनी घेण्याच्या वाटेलाही जाऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हा सगळा भार खेळाडूनेच का उचलायचा? पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगाव आहे, आपल्या विदर्भात भंडारा आहे. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आले. एवढे असताना सामन्याच्या काडतुसासाठी महाराष्ट्राच्या मुलांनी युरोपकडे का पाहावे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले होते. हा बापाच्या जिद्दीचा गौरव आहेच, पण व्यवस्थेने मान खाली घालावी अशीही गोष्ट आहे. सामन्याच्या दर्जाचे देशी काडतूस बनलेच पाहिजे. पण ते बनायला, तपासायला, खेळाडूंचा विश्वास मिळवायला वर्षे लागतील, आणि पंधरा वर्षांच्या मुलीचे वय तोवर थांबत नाही. म्हणून मागणीही करायची आणि सरावही आजच सुरू करायचा.

त्यासाठी सावनेरला लागणारी गोष्ट तालुक्याच्या आवाक्यातली आहे. पंधराएक मीटर लांबीची बंदिस्त खोली, छर्रे अडवणारी भक्कम पाठ, १.४ मीटर उंचीवर टार्गेट, चांगला उजेड, शिसे हाताळल्यावर हात धुवायला नळ आणि जाणता प्रशिक्षक. शाळा, नगर परिषद आणि क्रीडा कार्यालयाने मनावर घेतले तर एखाद्या वापरात नसलेल्या सभागृहात दहा मीटरची रेंज उभी राहू शकते. एनसीसीच्या पाच गोळ्यांत नाण्याएवढा ग्रुप करणाऱ्या मुलीला सहावी गोळी कधी मिळेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. पाचशे छर्ऱ्यांचा डबा आणि दहा मीटरची जागा मात्र तिला याच वर्षी देता येईल. तेवढे तरी आपण देऊ या.