नाव क्लॅरिनेटवाल्याचं

स्विंगचा जमाना म्हणजे मोठ्या बँडचा जमाना, हे जॅझच्या कुठल्याही इतिहासात लिहिलेलं असतं. चौदा-पंधरा वादक, नाचायला लोटलेली तरुण पोरं, पुढे उभा बँडप्रमुख. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनला ‘स्विंगचा राजा’ ही पदवी मिळाली ती अशाच बँडमुळे. पण गुडमन ऐकायचा झाला तर माझा हात त्या बँडकडे क्वचितच जातो. जातो तो तिघाचौघांच्या, फार तर सहा-सात जणांच्या तबकड्यांकडे. १९३५ ते १९४१ या काळात क्लॅरिनेटवादकांच्या नावावर निघालेली ही छोटेखानी ध्वनिमुद्रणं ओळीने ऐकली की एक गंमत ध्यानात येते. नाव ज्याचं, तो जितका मागे सरतो तितकं वादन रंगतं.

सुरुवात घरगुती बैठकीतून झाली. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात रेड नॉर्व्हो आणि मिल्ड्रेड बेली हे कलावंत जोडपं राहायचं. १९३५च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गुडमन आणि पियानोवादक टेडी विल्सन सहज म्हणून वाजवायला बसले आणि दोघांचं असं जुळलं की १३ जुलैला जीन क्रुपा या ड्रमरला सोबत घेऊन ते व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत हजर झाले. त्या दिवशी चार गाणी झाली, त्यांत ‘बॉडी अँड सोल’ आणि ‘आफ्टर यू’व्ह गॉन’.

डबल बेस नाही, ही या तिकडीची खरी ओळख. क्लॅरिनेट-पियानो-ड्रम ही जुळणी तशी नवी नव्हती. जेली रोल मॉर्टननं १९२७मध्येच डॉड्स बंधूंना घेऊन ती वापरली होती. पण इथे खर्जाचा सगळा भार विल्सनच्या डाव्या हातावर आला, आणि तो हात काय आहे हे कान देऊन ऐकावं. षड्जापासून वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंतचं अंतर तो एका पंजात धरतो आणि ते तसंच चालतं ठेवतो, म्हणून बेसची उणीव जाणवत नाही. उजवा हात दरम्यान क्लॅरिनेटशी बोलत असतो. साथ देतोय म्हणावं तर तोही गात असतो. क्रुपा हा मोठ्या बँडमधला दणदणीत माणूस, इथे मात्र ब्रश फिरवत बसतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. पाल्हाळ लावायला सवड कुणालाच नाही.

विल्सन कृष्णवर्णी, गुडमन आणि क्रुपा गोरे. स्टुडिओत असं एकत्र येणं आधीही घडलं होतं, कारण तबकडीवर चेहरा दिसत नाही. रंगमंचाची गोष्ट वेगळी. १९३६च्या ईस्टरला शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात हे तिघं लोकांसमोर आले, ते हेलन ओकली या तरुणीनं लावून धरलं म्हणून. गुडमन स्वतः कचरत होता. पुढे वर्णभेदाची भिंत पाडल्याचं श्रेय त्याला मिळालं आणि ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. त्या वर्षांत विल्सन मोठ्या बँडमध्ये बसत नसे. तिथला पियानो जेस स्टेसीकडे होता. विल्सन यायचा तो मध्येच, ‘खास आकर्षण’ म्हणून.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका क्लबात लायोनेल हॅम्प्टन सापडला आणि त्याच्या व्हायब्राफोनसह तिकडीची चौकडी झाली. ऑगस्टमधलं ‘मूनग्लो’ अप्रतिम आहे. नंतरच्या द्रुत गतीच्या वादनांत मात्र टाळ्या घेण्याची घाई होते. १९३८च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीत लोक ज्यावर उसळले, त्यातलं बरंच मला आता दमवतं. त्याच वसंतात क्रुपा गेला, पुढच्या वर्षी विल्सननं स्वतःचा बँड काढला.

ते गेले ते एका परीनं बरंच झालं, कारण १९३९च्या ऑगस्टात ओक्लाहोमाहून गिटारवादक चार्ली ख्रिश्चन आला. निर्माता जॉन हॅमंडनं त्याला गुडमनच्या परवानगीची वाट न बघता बेव्हर्ली हिल्सच्या ‘व्हिक्टर ह्यूगो’ रेस्तराँमध्ये मंचावर बसवला. गुडमननं ‘रोझ रूम’ सुरू केलं ते या पोराला ते येणार नाही अशा खात्रीनं, असं सांगतात. गाणं पाऊण तास चाललं, असंही सांगतात. नक्की आहे ते एवढं: २ ऑक्टोबरला सेक्स्टेटचं, म्हणजे गुडमनच्या सहा जणांच्या संचाचं, पहिलं ध्वनिमुद्रण झालं, त्यात ‘रोझ रूम’ होतं आणि ‘फ्लाइंग होम’सुद्धा.

तोवर गिटारचं काम होतं बँडमध्ये ठेका धरायचं. ख्रिश्चननं विजेच्या गिटारवर एकेक स्वराची लांब वाक्यं वाजवायला सुरुवात केली, सॅक्सोफोनवाला फुंकेल तशी. गुडमनची वाक्यं घोटीव असतात आणि जिथे संपायला हवीत तिथेच संपतात. ख्रिश्चनचं तसं नाही. सम येऊन जाते आणि हा अजून बोलतच असतो. वादकांवर रोखलेल्या गुडमनच्या थंड नजरेला बँडमध्ये ‘रे’ (किरण) म्हणत. ती नजर या पोरापुढे बोथट झाली असावी. १९४०च्या अखेरीस कूटी विल्यम्सचा ट्रम्पेट, जॉर्जी ऑल्डचा टेनर सॅक्सोफोन आणि काही तबकड्यांवर चक्क काउंट बेसीचा पियानो या संचात दाखल झाला, तेव्हा क्लॅरिनेट अनेकांतला एक झाला होता.

प्रतिस्पर्धी क्लॅरिनेटवादक आर्टी शॉची ‘ग्रॅमर्सी फाइव्ह’ याच काळातली. नावात पाच, वाजवणारे सहा. पियानोऐवजी जॉनी ग्वार्निएरीचं हार्पसिकॉर्ड. ‘समिट रिज ड्राइव्ह’ तुफान खपलं. चलाख, नीटस काम, पण दोनदा ऐकल्यावर आत शिरायला फट उरत नाही.

एडमंड हॉलकडे ती उरते. ५ फेब्रुवारी १९४१ला ब्लू नोट कंपनीसाठी या लुईझियानाच्या वादकानं ड्रमशिवाय चौघांचा संच बांधला: मीड लक्स ल्यूइस पियानो सोडून सेलेस्टवर, इझ्रायल क्रॉस्बी बेसवर, आणि ख्रिश्चन, यावेळी बिनविजेची गिटार घेऊन. सेलेस्टमध्ये तारांऐवजी धातूच्या पट्ट्या वाजतात. नाद लहान मुलांच्या खेळण्यासारखा किणकिणता. त्यावर हॉलचा खरखरीत, किंचित घोगरा क्लॅरिनेट. तबकड्या बारा इंची, म्हणजे चार मिनिटांहून जास्त अवकाश. ‘प्रोफाउंडली ब्लू’मध्ये कुणालाच घाई नाही. नेता असून हॉल पाहुण्यासारखा येतो-जातो.

यापुढची पायरी पाचेक आठवड्यांत गाठली गेली. १३ मार्चला गुडमनचा संच कोलंबियाच्या स्टुडिओत जमला होता, गुडमन अजून पोचायचा होता. तंत्रज्ञ यंत्रं तपासत होते, तेवढ्यात बाकीचे सुरू झाले. ख्रिश्चन एक छोटीशी धून काढतो, ट्रम्पेट आणि टेनर ती उचलतात, डेव्ह टफ ड्रमवर मजेत ठेका धरतो. ‘अ स्मूद वन’ या पुढे गाजलेल्या रचनेचा आकार तिथेच दिसू लागतो. कुणाची नजर नाही, तीन मिनिटांचा काच नाही. क्लॅरिनेटवाल्याच्या संचाचं मला सर्वांत आवडणारं ध्वनिमुद्रण हे, आणि त्यात क्लॅरिनेटच नाही.

ख्रिश्चन २ मार्च १९४२ला क्षयानं गेला, पंचविसाव्या वर्षी. तो तुकडा ‘वेटिंग फॉर बेनी’ या नावानं एलपीवर आला तो १९५०च्या दशकात. आवरणावर चार्ली ख्रिश्चनचं नाव आधी होतं, बेनी गुडमन सेक्स्टेटचं त्यानंतर.